पाठीमागची गळपकड व तिची सोडवणूक

प्रतिस्पर्ध्याने पाठीवर येऊन हाताने मान आवळली असता ती पकड बसू न देण्याची आणि बसल्यास तीतून सुटण्याची रीत. ज्यूदो, जिउ-जित्सू व मिश्र युद्धकलेत ही पकड चालते. मातीतल्या कुस्तीत आणि आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइलमध्ये गळा आवळणे नियमबाह्य आहे. साहजिकच सातारा-सांगली भागातल्या तालमींत कब्जा, सवारी, मानेची ओढाताण हे सारे रोजचे असले, तरी गळा सोडवण्याचा वेगळा सराव नसतो. मॅटवरच्या मोकळ्या ग्रॅपलिंगमध्ये (ठोसे-लाथांविना धरपकडीच्या झुंजीत) उतरलेला पैलवान नेमका इथे अडतो.

पकडीच्या उगमाबद्दल एकमत नाही. जुन्या तपशीलवार वर्णनांत ग्रीक पँक्रेशनमधले (कुस्ती व ठोसे यांची मिश्र झुंज) वर्णन महत्त्वाचे आहे. इ. स. पू. ५६४ च्या ऑलिंपिकमध्ये अरिकिऑन हा मल्ल गळा आवळला जात असतानाच मेला. पण त्याच क्षणी त्याने दिलेल्या पायाच्या पिळाने प्रतिस्पर्ध्याने हार मानली आणि मृताला विजयी घोषित केले गेले. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस (दुसरे शतक) पायाचे बोट मोडल्याचे लिहितो, तर ग्रीक लेखक फिलॉस्ट्रॅटस (सुमारे तिसरे शतक) घोटा निखळल्याचे. फिलॉस्ट्रॅटस एका चित्राचे वर्णन करतो, प्रसंगाचे नव्हे, म्हणून त्याच्यावर किती विसंबावे हा प्रश्न उरतो. तरीही हात गळ्याभोवती, पाय जांघांमधून आत आणि पावले गुडघ्यांमागे अडकवलेली, ही त्याने दिलेली मांडणी आजच्या पकडीशी इतकी जुळते की तंत्राच्या अभ्यासकाला तोच अधिक उपयोगी पडतो.

भारतीय परंपरेत भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती व जरासंधी अशी मल्लविद्येची चौकडी सांगतात आणि गळपकड कधी जांबुवंतीत, कधी जरासंधीत घालतात. ही विभागणी प्रामुख्याने अलीकडच्या व्यायामविषयक लेखनात दिसते. तिच्या आधारे प्राचीनत्व सिद्ध करणे धाडसाचे ठरेल. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात (सुमारे ११३०) मल्लांचा स्वतंत्र विचार आहे, परंतु त्यावरून आजच्या पकडीपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. जपानी शाखेचा इतिहास त्या मानाने स्पष्ट आहे. कानो जिगोरो याने १८८२ मध्ये स्थापलेल्या ज्यूदोत ‘हादाका-जिमे’ या नावाने ही पकड आली आणि १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचलेल्या माएदा मित्सुयो याच्यामार्फत त्या विद्येची शाखा तिथे रुजली. माणसाचा हात व मान सगळीकडे सारखीच असल्याने ही पकड ठिकठिकाणी स्वतंत्रपणे सापडली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नीट बसलेल्या पकडीत कोपराचा खळगा हनुवटीखाली मधोमध येतो आणि दंड व पुढचा हात दोन्ही बाजूंच्या ग्रीवा रोहिणी (मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमन्या) दाबतात. न्यायवैद्यकात रूढ असलेल्या आकड्यांनुसार ग्रीवा नीला (मेंदूकडून रक्त परत आणणारी शीर) सुमारे २ किग्रॅ., रोहिणी सुमारे ५ किग्रॅ. आणि श्वासनलिका सुमारे १५ किग्रॅ. भाराने बंद होते. म्हणजे श्वास चालू असतानाच मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपते. रोहिणीच्या दुभाजनाशी असलेल्या दाबसंवेदी भागामुळे हृदयाची गती मंदावते आणि त्यामुळे शुद्ध जाते, असेही एक मत आहे. रक्तप्रवाह अडण्याचे कारण अधिक मान्य आहे. मनगटाचे हाड पुढून नरड्यावर आले तर मात्र ठसका लागतो, कळ येते आणि स्वरयंत्राच्या कूर्चेला इजा होऊ शकते. जाड मान झालेल्या पैलवानाला पकड उशिरा लागते, इतकाच त्या मानेचा फायदा.

पाठीवर आलेल्याचा एक हात खांद्यावरून, दुसरा काखेखालून येतो. आवळणारा हात खांद्यावरचा, म्हणून आपले दोन्ही हात त्या एकाच हातावर लावायचे. एकाने मनगट, दुसऱ्याने त्याच्या लगेच वर, अंगठा बोटांच्या ओळीतच ठेवून धरायचे आणि हात आपल्या छातीच्या हाडावर दाबून ठेवायचा. हनुवटी खाली, खांदे कानांकडे. नुसत्या हनुवटीवर भिस्त ठेवू नये; पाठीवरचा प्रतिस्पर्धी जबड्यावर मनगटाचे हाड घासून ती उचलतो आणि हात खाली सरकवतो. मग काखेखाली ज्या बाजूचा हात आहे त्या बाजूला कलून डोके व खांद्याचे फरे जमिनीला लावायचे. खालच्या बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने ढकलून काढायचा, ढुंगण जमिनीवर सरकवायचे आणि शेवटी त्याच्याकडे तोंड करून वळायचे. पाठ टेकण्याआधीच वळले तर तो थेट छातीवर बसतो. वळताना त्याचा वरचा पाय हाताने अडवून धरला नाही, तरीही तेच होते.

हात हनुवटीखाली गेला, पण दुसऱ्या हाताची आढी (दोन्ही हात एकमेकांत कुलपासारखे अडकवणे) पडली नसेल, तर अजून वेळ असतो. त्याचा तळहात स्वतःच्या दंडावर बसू द्यायचा नाही, आणि दुसरा हात आपल्या डोक्यामागे जाताना वाटेतच पकडायचा. आढी पडलीच तर हनुवटी कोपराच्या खळग्याकडे वळवून नरड्याला जागा करायची आणि डोक्यामागच्या हाताची चारही बोटे एकत्र धरून तो डोक्यावरून पुढे ओढायचा. एकच बोट पिळणे नियमबाह्य असून मित्रांच्या सरावात तर शोभतच नाही. आढी पडल्यावर आवळणाऱ्या कोपरालाच दोन्ही हातांनी लोंबकळत राहणे ही सर्वांत सामान्य चूक. ताकद संपते, पकड तशीच राहते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक) किंवा कवठेपिरानचे मारुती माने (जकार्ता आशियाई स्पर्धा, १९६२, सुवर्णपदक) यांच्या या मुलखात पाठ टेकली की कुस्ती गेली, हे लहानपणीच अंगात मुरते. कुंडलच्या मैदानात खाली गेलेला मल्ल पोटावर पसरतो, कोपरे आत घेतो आणि चितपट टाळतो. गळपकडीत हीच सवय घातक आहे. पालथे पडताच वरच्याचे सारे वजन कमरेतून मानेवर येते, हात अंगाखाली अडकतात आणि टॅप करायलाही (थाप मारून हार मानायलाही) हात मोकळा राहत नाही. सुटका पाठ टेकण्यातच असल्याने पैलवानाला आधी ही एकच गोष्ट मोडून शिकवावी लागते. मानेचा पूल करून मागे रेटणेही इथे उलटते, कारण त्याने गळा उघडा पडतो. दुसरा फरक पृष्ठभागाचा. घामावर माती बसली की हात घसरत नाहीत. मॅटवर ओल्या अंगाने जी मान निसटते, ती मातीच्या हौद्यात (आखाड्यात) निसटत नाही.

हार मानण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर दोन-तीन स्पष्ट थापा मारतात. हात अडकले असल्यास पाय आपटतात किंवा ‘सोड’ म्हणतात, मात्र आवाज फुटेलच असे नाही. नजर आकसू लागली, कानात गुणगुण आली की सुटकेचा प्रयत्न थांबवून टॅप द्यावा. सरावात आवळणाऱ्याने हिसका न देता हळू दाब वाढवायचा असतो.

शुद्ध गेल्यास लगेच पकड सोडून उताणे झोपवतात, उलटी होत असल्यास कुशीवर करतात. बहुधा १०–२० सेकंदांत शुद्ध येते. तोंडात पाणी घालणे, गालावर मारणे, कांदा हुंगवणे यांचा उपयोग नाही. पाण्याने तर ठसका लागून धोका वाढतो. त्या दिवशी पुन्हा झोंबी घेऊ नये. शुद्ध लवकर आली नाही, किंवा नंतर काही दिवसांत मानेच्या एका बाजूला दुखणे, तीव्र डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणे, हातापायात कमजोरी यांपैकी काही जाणवले, तर रोहिणीच्या आतल्या पदराला चीर गेल्याची शक्यता असते. ही इजा क्वचित होते, पण तीत तातडीने रुग्णालय गाठावे लागते.