ओडिनचं सोनं आणि नांगराखालची माती

दहाव्या शतकाच्या अखेरीची आइसलँडमधली गोष्ट. एगिल स्कालाग्रिमसन हा एकेकाळचा दांडगा लढवय्या, आणि तितकाच मोठा कवी. आता ऐंशी ओलांडलेली, डोळे गेलेले. मोस्फेलच्या घरात शेकोटीपाशी बसला की स्वयंपाकीणबाई ‘पायात येऊ नका’ म्हणून त्याला हुसकायची. त्याच्याकडे चांदीच्या नाण्यांच्या दोन पेट्या होत्या, इंग्लंडच्या अथेलस्टन राजाने दिलेल्या. म्हाताऱ्याच्या डोक्यात एक खोडी होती. पेट्या भर सभेत न्यायच्या, नाणी उधळायची आणि ती उचलायला लोक एकमेकांच्या उरावर बसले की मजा घ्यायची. घरच्यांनी मोडता घातला. मग एका रात्री तो दोन गुलाम आणि एक घोडा घेऊन बाहेर पडला. सकाळी परतला तो एकटाच. चांदी पुरली आणि गुलामांना मारलं, एवढंच त्याने सांगितलं. कुठे, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ही कथा तेराव्या शतकात लिहिली गेली. बर्फ वितळून पाणी ओसरलं की जवळच्या घळीत कधीमधी इंग्लिश नाणी सापडतात, अशी पुस्तीही तीत आहे. पुढे पुरातत्त्वज्ञांनी त्या खोऱ्यात खोदकाम केलं. त्यांना जुना लांबलचक वाडा सापडला, लहानसं चर्च सापडलं, दफनं सापडली. चांदी मात्र नाही.

आपल्याकडे गुप्तधन म्हटलं की पायाळू माणूस, डोळ्यात घालायचं अंजन आणि हंड्यावर वेटोळं घालून बसलेला नाग आठवतो. स्कँडिनेव्हियाच्या जुन्या, म्हणजे नॉर्स पुराणकथांतही नागाचा भाऊबंद आहे. फाफ्निर हा सोन्याच्या लोभाने बापाला मारतो आणि अजगरासारखा होऊन त्या सोन्यावर पसरतो. सिगुर्ड नावाचा वीर त्याला मारून सोनं नेतो, आणि सोन्याबरोबर शापही. पण मला या कथांपेक्षा एक साधा प्रश्न जास्त छळतो. स्कँडिनेव्हियाच्या जमिनीत एवढं सोनं-चांदी पुरलं कुणी, आणि परत काढलं का नाही?

सोपं उत्तर असं की युद्ध आलं, घाईत दागिने पुरले, पुरणारा मेला. काही वेळा हेच झालं असणार. दुसरं उत्तर खुद्द ओडिनच्या, म्हणजे नॉर्स देवांच्या राजाच्या नावावर आहे. तेराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन लिहितो, की ओडिनने नियमच घालून दिला होता: चितेवर जे बरोबर ठेवाल ते वाल्हल्लात, म्हणजे ओडिनच्या परलोकातल्या महालात मिळेल, आणि स्वतःच्या हाताने जमिनीत पुराल त्याचाही उपभोग तिथे घेता येईल. म्हणजे पुरलेलं धन ही परलोकातली मुदतठेव! अर्थात स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता आणि जुना धर्म मोडून दोनशे वर्षं झाल्यावर लिहीत होता. त्यामुळे त्याच्या शब्दावर डोळे मिटून विसंबता येत नाही. लपवलेलं की अर्पण केलेलं, हे ठरवायला साक्षीदार एकच, ती माती.

डिसेंबर २०२०. डेन्मार्कमधल्या विंडेलेव्ह गावात एका हौशी माणसाने नवाकोरा मेटल डिटेक्टर घेऊन ओळखीच्या शेतात फेऱ्या मारायला सुरुवात केली. काही वेळातच यंत्र वाजलं. उकरल्यावर चिखलाने माखलेला, वाकलेला पत्र्याचा तुकडा हाती आला. हेरिंग माशाच्या डब्याचं झाकण असावं, असं त्याला वाटलं. ते सोनं होतं. पुढे वेयले शहराच्या संग्रहालयाच्या लोकांनी तिथे रीतसर खोदकाम केलं तेव्हा एकूण २२ वस्तू मिळाल्या. वजन ७९४ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशोबाने सुमारे ६८ तोळे.

डिटेक्टर सोनं ‘ओळखतो’ असा एक गोड गैरसमज आहे. तो ओळखतो वीज वाहून नेणारी वस्तू. त्याच्या थाळीत तारेची वेटोळी असतात. त्यातून उलटसुलट बदलणारा प्रवाह सोडला की जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र पसरतं. वाटेत धातू आला तर त्याच्या आत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, आणि ते स्वतःचं छोटंसं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. थाळीतलं दुसरं वेटोळं हा उलट आलेला क्षीण प्रतिसाद टिपतं. प्रतिसाद किती उशिरा आला यावरून धातू चांगला वाहक आहे की बेताचा, याचा अंदाज बांधता येतो. पण अंदाजच. पातळ सोनं आणि कुरकुरीत वेष्टनाचा अॅल्युमिनियमचा कागद यांचा आवाज जवळजवळ सारखा येऊ शकतो. शिवाय नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच सापडते. म्हणून या हौशी मंडळींना नांगरलेलं शेत प्रिय. खालचं वर आणायचं काम नांगराने आधीच केलेलं असतं.

विंडेलेव्हच्या सोन्यात रोमन सम्राटांची नाणी होती, गळ्यात घालायला कडी लावलेली. त्यात कॉन्स्टंटाइनचं एक मोठं पदकही होतं. आणि होते ब्रॅक्टिएट, म्हणजे पातळ सोन्याच्या पत्र्यावर एकाच बाजूने ठसा उमटवून केलेली पदकं. पुतळ्यांच्या माळेतली एखादी पुतळी बशीएवढी करा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. मूळ कल्पना रोमन पदकांची, पण उत्तरेकडच्या कारागिरांनी सम्राटाच्या जागी भलंमोठं डोकं, खाली घोडा आणि कडेने रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली अक्षरं अशी आपली मांडणी केली.

त्यातल्या एका पदकावरची अक्षरं फार त्रासदायक निघाली. बारीक, झिजलेली, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या रून लिपीच्या अभ्यासक लिस्बेथ इमर आणि भाषाशास्त्रज्ञ क्रिस्टर वाश्शुस यांनी ती लावली, आणि मार्च २०२३ मध्ये वाचन जाहीर झालं. त्यात एक ओळ आहे, ‘तो ओडिनचा माणूस’. पदक पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं. तोवर ओडिनच्या नावाचा सर्वांत जुना पक्का पुरावा दक्षिण जर्मनीतल्या नोर्डेनडॉर्फच्या एका कपड्याच्या पिनेवर होता, तो सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. डब्याच्या झाकणासारख्या दिसणाऱ्या त्या ढिगाने ओडिनला दीडशे वर्षं मागे नेलं. ‘तो’ म्हणजे बहुधा तिथला राजा किंवा सरदार. देवाच्या नावाने स्वतःचं वजन वाढवण्याची राजांची खोड सगळीकडे सारखीच.

नाव तिथे ‘वोडनस’ असं येतं. इंग्रजीतला वेन्सडे याच नावावरून आला. रोमन लोकांचा मर्क्युरी तोच आपला ओडिन, असं जर्मानिक टोळ्यांनी ठरवलं आणि मर्क्युरीच्या वाराला ओडिनचा वार म्हटलं. आपल्या पंचांगातही तो मर्क्युरीचाच, म्हणजे बुधाचा वार. एका ग्रहाच्या नावाखाली ओडिन आणि बुध असे शेजारी बसले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे. हे सोनं पुरलं का? इथे मातीची साक्ष कामी आली. खोदकामात दिसलं, की ते रानात कुठेतरी नाही, तर एका मोठ्या वाड्याच्या जागेत पुरलं होतं, आणि तेही सहाव्या शतकात. त्या शतकात उत्तर गोलार्धावर एक भयानक संकट कोसळलं होतं. इ. स. ५३६ मध्ये मोठा ज्वालामुखी उद्रेक झाला, ५४० मध्ये आणखी एक. उद्रेकातला गंधकाचा वायू उंच वातावरणात गेला की त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ऊन परतवून लावतात. पूर्व रोमन साम्राज्यातला प्रोकोपियस लिहितो, की वर्षभर सूर्य चंद्रासारखा निस्तेज होता. हा त्याचा अलंकार नव्हता. ग्रीनलँडच्या बर्फाच्या थरांत त्या वर्षांची आम्लं अडकलेली सापडली आहेत आणि झाडांच्या खोडांतली त्या वर्षांची वलयं अगदी बारीक आहेत, म्हणजे झाडांची वाढ खुंटली होती. शेतीच्या उत्तर टोकावर जगणाऱ्या स्वीडन-नॉर्वेसारख्या प्रदेशांत उन्हाळा हुकला की पीक गेलं. त्या काळात तिथल्या कितीतरी वस्त्या ओसाड पडलेल्या दिसतात.

नॉर्स पुराणात जगाच्या अंताआधी फिम्बुल हिवाळा येतो. ओळीने तीन हिवाळे, मध्ये उन्हाळाच नाही. काही अभ्यासकांना वाटतं, की या कथेत ५३६ नंतरच्या उपासमारीची आठवण मुरलेली आहे. विंडेलेव्हचं सोनंही सूर्य परत यावा म्हणून देवांना दिलेलं असू शकतं, असं तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी सुचवलं आहे. मला ही कल्पना मोहक वाटते, म्हणूनच तिच्याकडे जरा सांभाळून पाहतो. आम्लाचा थर आणि बारीक वलयं हा पुरावा, कथेशी जोडलेला धागा हा तर्क. पण सोनं वाड्याच्या आत होतं हे कळलं नसतं, तर तर्कालाही जागा उरली नसती.

चांदीची गोष्ट वेगळी. ती ओडिनपेक्षा बाजाराबद्दल जास्त बोलते. बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर १९९९ साली टीव्हीचं पथक पुरातत्त्वज्ञांना घेऊन आलं होतं, विषय होता खजिनाचोरांचा सुळसुळाट. चित्रीकरण आटोपल्यावर, आलोच आहोत तर पाहू, म्हणून स्पिलिंग्ज इथल्या शेतावर डिटेक्टर फिरवला. निघाली ६७ किलो चांदी, व्हायकिंग काळातला (साधारण आठवं ते अकरावं शतक) आजवरचा सर्वांत मोठा चांदीचा साठा. त्यात १४,२९५ नाणी, बहुतेक इस्लामी जगातले दिरहम. एका नाण्यावर ‘मोझेस हा देवाचा प्रेषित’ असं अरबी लिपीत कोरलेलं. ते पाडलं होतं कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडच्या, ज्यू धर्म स्वीकारलेल्या खझार लोकांनी.

व्हायकिंगांना नाण्यावरच्या राजाशी देणंघेणं नव्हतं, फक्त वजन आणि कसाशी. म्हणून नाण्यांवर चाकूच्या टोकाने टोचून पाहिल्याच्या खुणा असतात. बांगड्या तोडून तुकडे केलेले असतात. काही दिरहमांवर कुणीतरी मेघगर्जनेचा नॉर्स देव थॉर याचा हातोडाही खरवडलेला दिसतो, अल्लाच्या नावाशेजारी! उत्तरेतून गेली प्राण्यांची केसाळ कातडी आणि पकडलेली माणसं, बदल्यात आली चांदी. त्या व्यापाराचं हे दुसरं टोक विसरून चालणार नाही.

नाणी वितळवून लगड केली की नावगाव पुसलं जातं, असं पूर्वी मानत. आता तसं नाही. चांदी शुद्ध करताना शिसं वापरतात आणि त्याचा अंश चांदीत मागे राहतो. शिशाचे चार स्थिर समस्थानिक, म्हणजे कमीजास्त वजनाचे अणूंचे प्रकार असतात. युरेनियम आणि थोरियम यांचा ऱ्हास होऊन त्यातले तीन हळूहळू वाढत जातात, म्हणून खाणीचं वय आणि तिथला खडक यांनुसार त्यांचं प्रमाण बदलतं. लेझरने केसाएवढा ओरखडा काढायचा आणि प्रमाण मोजायचं. इंग्लंडमधल्या बिडेल इथल्या व्हायकिंग साठ्यातल्या काही लगडी अशा तपासणीत मुस्लिम जगातल्या चांदीच्या निघाल्या. यॉर्कशरच्या मातीत, नाव बदलून राहत होत्या!

ओडिनचा माणूस जसा हौशी माणसाच्या हाती लागला, तसाच थॉरचा हातोडाही. गळ्यात घालायचे छोटे हातोडे हजाराहून जास्त सापडले आहेत. तरी दांडा इतका आखूड आणि आकार इतका सरळसोट, की हे नक्की हातोडेच ना, यावर विद्वानांत वाद होता. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या लोलंड बेटावर दहाव्या शतकातला एक हातोडा मिळाला. त्यावर रून अक्षरांत लिहिलं होतं, ‘हा हातोडा आहे’. तेही एक अक्षर गाळून. वाद मिटवणाऱ्या त्या शुद्धलेखनाच्या चुकीला मनापासून नमस्कार.

डेन्मार्कमध्ये असं सगळं संग्रहालयापर्यंत पोचतं, कारण १२४१ च्या जुन्या कायद्यापासून बेवारस सोनं-चांदी राजाची, आणि आज ते जमा करणाऱ्याला सरकार मोबदला देतं. सगळीकडे असं घडत नाही. २०१५ साली इंग्लंडमध्ये लेमस्टरजवळच्या शेतात दोन डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग साठा मिळाला. सोन्याचं कडं, अंगठी, स्फटिकाचं लोलक आणि नाणी. त्यांनी तो जाहीर न करता विकायला काढला. मोबदला शेतमालकाबरोबर वाटून घ्यावा लागला असता, तरी तो घसघशीत असता. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला, तेव्हा हाती लागलेली नाणी होती ३१.

त्यातल्या काहींवर दोन राजे शेजारी शेजारी बसलेले आहेत. एक वेसेक्सचा आल्फ्रेड, दुसरा मर्सियाचा चेओलवुल्फ; ही दोन्ही तेव्हाच्या इंग्लंडमधली राज्यं. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात चेओलवुल्फची संभावना व्हायकिंगांच्या हातातला मूर्ख सरदार अशी केलेली आहे. नाणी मात्र सांगतात, दोघे बरोबरीचे दोस्त होते. म्हणजे मित्राला इतिहासातून खोडून टाकलं. ते कसं आणि कधी, हे कदाचित उरलेल्या नाण्यांच्या क्रमावरून कळलं असतं.

आरोपींच्या फोनमधून पुसून टाकलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले. त्यावरून मूळ नाणी सुमारे ३०० असावीत असा अंदाज बांधला गेला. फोटोत ताजी उकरलेली माती आहे, आणि तिच्यात, अजून कुणी न पुसलेल्या, चिखलाने माखलेल्या नाण्यांचा ढीग.