खानदेशातील दारूगोळा उत्पादन व राष्ट्रीय संरक्षण

जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे आजचा खानदेश. या प्रदेशाची संरक्षणातील ओळख मुख्यतः जळगाव जिल्ह्यातील दोन आयुध निर्माणींमुळे, म्हणजे शस्त्रे व दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांमुळे आहे. भुसावळची निर्माणी १९४९ मध्ये उभी राहिली, तर त्याच तालुक्यातील वरणगावची १९६४ मध्ये. वरणगावला रायफली व मशिनगनसाठी काडतुसे तयार होतात. भुसावळला दारूगोळा ठेवण्याची व वाहून नेण्याची पिंपे, पेट्या, नळकांडी आणि पिनाक रॉकेटांचे पॉड (रॉकेटे भरून ठेवण्याच्या नळ्यांचे जुडगे) बनतात. आसपासच्या गावांत कोणी नुसते ‘फॅक्टरीत आहे’ म्हटले, की कोणती फॅक्टरी हे विचारावे लागत नाही. युद्ध, सुरक्षा, परकीय धोका या विषयांवर इथे जे बोलले जाते, त्यामागे माल पुरवणाऱ्याचा हिशेब असतो: किती तयार होते, किती साठा आहे, उद्या मागणी दुप्पट झाली तर जमेल का.

कारखान्यांसाठी ही जागा सोयीची होती. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला, तो भुसावळवरून जातो; नागपूरकडचा फाटाही इथूनच फुटतो. तापीचे पाणी जवळ आणि पाकिस्तान व चीनकडच्या दोन्ही सीमा लांब. १९६२ च्या चीन युद्धाने दारूगोळ्याची चणचण सगळ्या देशाला दाखवून दिली. वरणगावची निर्माणी त्या पराभवानंतर दोन वर्षांत आली. भंडाऱ्याची निर्माणीही त्याच काळातली.

त्याआधीही हा प्रदेश लष्करी वाटेवरच होता. उत्तरेतून दख्खनेत उतरायचे तर सातपुड्याची खिंड आणि तिच्यावर नजर ठेवणारा असीरगड टाळता येत नसे. (गड आज मध्य प्रदेशात असला तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशाचा तो कणा होता.) अकबराला तो तोफांच्या बळावर घेता आला नाही. आत धान्य आणि दारूगोळा भरपूर होता, तरी जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. कारणांबद्दल त्या काळचे वृत्तांत एकमेकांशी जुळत नाहीत: कोणी आतल्या रोगराईला दोष देतो, कोणी मोगलांनी वाटलेल्या सोन्याला. दोन्ही कारणे माणसांची आहेत, कोठाराची नाहीत. दारूगोळ्याच्या चर्चेत हे विसरले जाते. इंग्रजी अमलात १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली. त्याच सातपुड्यात ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या भिल्लांनी इंग्रज फौजेला झुंज दिली.

काडतूस दिसायला साधे, पण करायला कठीण. पुंगळीचे पितळ सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे असते. पितळेच्या जाड पत्र्यातून वाटीसारखा तुकडा कापतात आणि तो टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी करतात. प्रत्येक ओढीला पितळ ताठर होते, म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. बूड मात्र कडकच ठेवायचे, कारण बार उडतो तेव्हा सर्वांत मोठा दाब तिथे येतो. तोंड पुन्हा मऊ करायचे, नाहीतर गोळी बसवताना किंवा साठवणीत वर्षे गेल्यावर तिथे चीर जाते. मग बुडात प्रायमर (ठोका बसताच बारूद पेटवणारी टोपी), आत मोजून बारूद, वर गोळी, आणि शेवटी गेजने माप, वजन, डोळ्यांनी तपासणी. प्रत्येक लॉटमधली काही काडतुसे प्रत्यक्ष झाडून वेग, दाब आणि अचूकता पाहतात. बारूद फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकू शकते. मग त्यामागून दुसरी झाडणाऱ्या जवानाच्या हातातच रायफल फुटू शकते. काश्मिरात किंवा सियाचीनला ती रायफल धरणाऱ्याला वरणगावचा तपासनीस कधी दिसत नाही. तपासनिसालाही तो जवान दिसत नाही. तरीही दोघांमधला हा विश्वास संरक्षणव्यवस्थेचा पाया आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पुढचे युद्ध संगणक, उपग्रह आणि ड्रोन लढतील, गोळ्या-काडतुसांचे दिवस संपत आले, असे गेली काही वर्षे सर्रास ऐकू येई. युक्रेनने ते खोटे ठरवले. फेब्रुवारी २०२२ पासून चाललेल्या त्या युद्धात ड्रोन आहेतच, पण खंदक, तोफा आणि १५५ मिलिमीटरचे गोळेही तितकेच आहेत. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला एका वर्षात दहा लाख गोळे देण्याचे ठरवले. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. पैसा होता, इच्छा होती, पण शीतयुद्ध संपल्यावर बंद केलेल्या उत्पादनसाखळ्या आणि पांगलेले कारागीर वर्षभरात परत येत नाहीत. भारतालाही हा इशारा आधी मिळाला होता. लष्कराकडे चाळीस दिवसांच्या घनघोर युद्धाला पुरेल एवढा राखीव साठा असावा, असा दंडक आहे. मार्च २०१३ मध्ये दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरला नसता, हे महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालाने उघड केले. त्यानंतर तातडीची खरेदी झाली, स्थिती सुधारली. पण बाहेरून घेतलेला गोळा शांततेच्या काळात मिळतो. युद्ध लांबले की विकणारा आधी स्वतःची कोठारे भरतो.

कापसाचाही यात हात आहे, आणि खानदेशात तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. धूररहित बारुदीचा गाभा नायट्रोसेल्युलोज, आणि त्यासाठी लागणारे शुद्ध सेल्युलोज बहुतकरून कापसाच्या लिंटरमधून मिळते. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव म्हणजे लिंटर. ती काढून धुतात आणि नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात घालतात. युक्रेन युद्धानंतर युरोपातील उत्पादकांनी उघडपणे सांगितले, की त्यांचे लिंटर मोठ्या प्रमाणात चीनमधून येते. ज्याच्याशी उद्या वैर होऊ शकते, त्याच्याकडून बारुदीचा कच्चा माल घ्यायचा, हे त्यांना फार उशिरा खटकले. चोपडा, यावल, अमळनेर, शिरपूर या भागांत कापूस, जिनिंग, सरकीचे तेल आणि ढेप यांचा जुना व्यापार आहे. सरकीचा भाव ठरताना तेल आणि ढेप पाहिली जाते, लिंटर क्वचितच. शेतमालाच्या धोरणात हा माल संरक्षणाचा कच्चा माल म्हणून मोजायला हवा.

निर्माणींच्या पुनर्रचनेवरून झालेला वाद इथल्या लोकांनी अंगावर घेतला. आयुध निर्माणी मंडळाचे महामंडळ करण्याच्या प्रस्तावाविरुद्ध देशातील ४१ निर्माणींच्या कामगार संघटनांनी २० ऑगस्ट २०१९ रोजी महिनाभराचा संप पुकारला आणि चर्चेचे आश्वासन मिळाल्यावर आठवड्याच्या आत तो थांबवला. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, त्याच महिन्याच्या शेवटी संरक्षण उत्पादनातील संपाला बंदी करणारा अध्यादेश निघाला आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव पुण्यातील म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले, भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे. शेजारच्या दोन निर्माणी, मालक दोन. सरकारची बाजू अशी, की मंडळाचा कारभार संथ होता, लष्कराकडून दर्जाच्या तक्रारी होत्या आणि कंपनीला निर्यात करता येईल, निर्णय लवकर घेता येतील. कामगारांचे म्हणणे असे, की शांततेत मागणी कमी असते. नफ्यातोट्याचा हिशेब लागला की रिकामी यंत्रे ओझे वाटू लागतात, आणि युद्धात नेमकी तीच हवी असतात. दर्जाच्या तक्रारी खऱ्या होत्या, त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण राखीव क्षमतेबद्दल कामगार जे म्हणत होते, ते सहा महिन्यांत युक्रेनच्या रणांगणावर सिद्ध झाले. ती क्षमता टिकवण्याचा खर्च सरकारने कंपनीच्या ताळेबंदावर टाकू नये.

भरतीची बाजू थोडक्यात. धुळे-जळगावच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी पोरे लष्कर आणि पोलीस अशा दोन्ही भरतींची तयारी करतात. जून २०२२ च्या अग्निपथ योजनेने सैनिकाची सेवा चार वर्षांची केली आणि त्यानंतर जास्तीत जास्त एक चतुर्थांश जणांना कायम ठेवण्याचे ठरवले. घराघरांत ‘चार वर्षांनंतर काय?’ हा प्रश्न त्या दिवसापासून विचारला जातो, आणि तो रास्त आहे.

सीमेपासून लांब म्हणून सुरक्षित, हा १९४९ चा हिशेब आता उरलेला नाही. क्षेपणास्त्र आणि लांब पल्ल्याच्या ड्रोनपुढे तापीकाठ आडोशाला नाही. ७ मे २०२५ च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावासाठी केंद्राने काढलेल्या महाराष्ट्राच्या यादीत भुसावळचे नाव होते, तिसऱ्या श्रेणीत. त्याच आठवड्यात ऑपरेशन सिंदूरदरम्यान पाकिस्तानी ड्रोन पाडण्यासाठी एल-७० आणि झेडयू-२३ या जुन्या विमानविरोधी तोफा वापरल्या गेल्या. युक्रेनमध्ये गाड्यांवर मशिनगन बसवून फिरणारी पथके रात्रभर हेच काम करतात, कारण स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र झाडणे परवडत नाही. भुसावळसारख्या गावात जंक्शन आहे, निर्माणी आहे, दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र जवळ आहे आणि हतनूर धरणही. तिथे भोंगा वाजल्यावर दिवे कोणी बंद करायचे, शाळा कुठे हलवायची, जखमींना कोणत्या रस्त्याने न्यायचे, याची तालीम एका सरावापुरती न ठेवता दर वर्षी व्हावी. नागरी संरक्षण कायदा १९६८ पासून त्यासाठीच अस्तित्वात आहे.