'जा' ही आज्ञा मुंबईला पोचली तेव्हा

बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, संपतं ते गालीलातल्या एका डोंगरावर. पुनरुत्थित येशू उरलेल्या अकरा शिष्यांना सांगतो: जा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या, शिकवा. अठ्ठाविसाव्या अध्यायातल्या या वचनांना ख्रिस्ती मंडळीत 'महान आज्ञा' म्हणतात. मराठीत 'राष्ट्र' वाचलं की नकाशावरच्या सीमा आठवतात. मूळ ग्रीक 'एथ्ने' म्हणजे लोकसमूह, जनसमाज.

ही आज्ञा पाळण्याच्या दोन तऱ्हा गोव्याने जवळून पाहिल्या. 1560 मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाला शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं. 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इंग्रज पाद्री आला, इथली भाषा शिकला आणि त्याने बायबलची कथा ओव्यांत रचली. 1616 साली छापलेल्या या 'क्रिस्तपुराणा'त त्याने मराठीला रत्नांतल्या हिऱ्याची उपमा दिली. धाक आणि ओवी एकाच मुलखात नांदत होती, हे विसरून स्टीफन्सचं कौतुक करू नये.

कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंटांचं पाऊल मात्र बराच काळ अडलेलं होतं. आज्ञा प्रेषितांना, म्हणजे येशूच्या त्या पहिल्या शिष्यांना होती, त्यांच्याबरोबर ती संपली, असं त्यांच्यातल्या अनेकांचं मत. ते खोडायला पुढे आला एक चांभार. इंग्लंडमधला विल्यम कॅरी जोडे शिवायचा, शाळा चालवायचा, रविवारी उपदेश करायचा. भिंतीवर त्याने हाताने काढलेला जगाचा नकाशा होता आणि त्यावर देशोदेशीची लोकसंख्या नि धर्म टिपलेले होते. 1792 मध्ये त्याने पुस्तिका काढून विचारलं: बाप्तिस्मा अजून देता, मग 'जा' तेवढं रद्द कसं झालं? त्याच ऑक्टोबरात केटरिंगला बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पहिली वर्गणी 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स!

पुढच्याच वर्षी कॅरी बंगालला पोचला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. धर्माला हात लावला तर प्रजा बिथरेल आणि व्यापार बुडेल, ही तिची भीती. म्हणून 1800 मध्ये त्याने बंगालमधल्याच, पण डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात बस्तान बसवलं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवी. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये मोडीतला कोश छापला. 1811 मध्ये मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, तोही निघाला.

मुंबईला आले ते अमेरिकन मिशनरी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये इथे उतरले. कलकत्त्यातून त्यांना निघून जायचा हुकूम मिळालेला, त्यात इंग्लंड-अमेरिकेत लढाई पेटलेली, त्यामुळे संशय दुप्पट. इथूनही त्यांना घालवायची तयारी झाली होती. हॉलने गव्हर्नर नेपियनला पत्रं लिहून आपली बाजू मांडली. अखेर राहू दिलं गेलं, आणि त्याच वर्षीच्या, कंपनीच्या सनदेच्या कायद्याने मिशनऱ्यांना परवान्यावर दार उघडलं.

श्रीरामपुरी मराठी इकडच्या लोकांच्या कानाला परकी वाटे, म्हणून भाषांतर पुन्हा करावं लागलं. मुंबईचा नवा करार 1826 मध्ये पुरा झाला. त्याच साली नाशिकच्या दौऱ्यावरून परतताना हॉल पटकीने वारला. बाप्तिस्मे मोजायचे तर या सुरुवातीच्या वर्षांचा हिशेब फारच तोकडा.

शाळा मात्र भरल्या. 1824 मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. 1827 मध्ये सिंथिया फॅरार आल्या, पुढे नगरला गेल्या. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. 1842 मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं.

आणि छापखाना. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहॅमने देवनागरीचे सुबक टाइप, म्हणजे छपाईचे खिळे, पाडले. तिथे जावजी दादाजी हा मुलगा पोरवयातच कामाला लागला. शुभवर्तमान छापणाऱ्या त्या कारखान्यात टाइपाची कला शिकून त्याने 1869 मध्ये स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यातून बाहेर पडल्या संस्कृत ग्रंथांच्या नामांकित आवृत्त्या.