नॉइज लॉगरचा हॅण्डहेल्ड कंट्रोलर

जमिनीखालच्या जलवाहिनीतील गळती आवाजावरून हेरण्यासाठी व्हॉल्व्हवर जे बिनतारी नॉइज लॉगर बसवतात, त्यांना सूचना देणारे आणि त्यांच्या नोंदी गोळा करणारे हातात मावणारे यंत्र. कामावर त्याला नुसते ‘हॅण्डहेल्ड’ म्हणतात. लॉगर हा पेल्याएवढा सीलबंद डबा असतो. त्यात कंपने टिपणारा पिझो संवेदक, थोडी मेमरी, रेडिओ आणि काही वर्षे पुरणारी बॅटरी असते, आणि तळाला दणकट चुंबक. त्याला पडदा नसतो, बहुधा बटणही नसते. त्याने कधी जागे व्हायचे, किती वेळ ऐकायचे आणि ऐकलेले कधी सांगायचे, हे सगळे बाहेरून ठरवावे लागते. म्हणजे हॅण्डहेल्ड चालवणे हे मुख्यतः वेळ लावण्याचे काम आहे. नागपूरसारख्या शहरात, जिथे काही वस्त्यांत पाणी चोवीस तास असते आणि काहींत नळ ठरल्या वेळीच येतात, तिथे ते जास्तच खरे.

गळतीचा आवाज

दाबाखालचे पाणी भोकातून वा भेगेतून निसटते तेव्हा प्रवाह खळबळतो आणि नळाची भिंत थरथरते. ही थरथर नळाच्या धातूतून आणि आतल्या पाण्यातून दोन्ही दिशांना पसरते. बिडाच्या (सीआय) किंवा डक्टाइल आयर्नच्या (डीआय) नळात ती सेकंदाला बाराशे मीटरच्या आसपास वेगाने धावते आणि शंभर-दीडशे मीटरवरच्या लॉगरलाही ऐकू येते. पीव्हीसीत हा वेग चार-पाचशेवर येतो, एचडीपीईत त्याहूनही खाली. प्लॅस्टिक उंच स्वर गिळून टाकते, फक्त खर्जातली घरघर उरते. म्हणून लोखंडी वाहिनीवर लॉगर दूर दूर ठेवता येतात, प्लॅस्टिकवर ते तीस ते पन्नास मीटरांवर आणावे लागतात.

आवाजाचा जोर गळतीच्या आकाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, दाबावर अवलंबून असतो. बारीक भोकाची शिट्टी लांबवर जाते, तर फुटलेल्या नळातून भळाभळा वाहणारे पाणी अनेकदा जवळजवळ गप्प असते. दाब एक बारच्या, म्हणजे सुमारे दहा मीटर पाण्याच्या खाली गेला की लॉगरला फारसे काही ऐकू येत नाही. केंद्राच्या पाणीपुरवठ्यावरील १९९९ च्या नियमपुस्तिकेत एकमजली घरांसाठी नळावरचा किमान दाब ७ मीटर, दुमजलींसाठी १२ आणि तिमजलींसाठी १७ मीटर धरला होता. म्हणजे एकमजली वस्तीला त्या नियमाप्रमाणे पुरेसे असलेले पाणी गळती ऐकण्यासाठी मात्र अपुरे ठरू शकते.

आवाज बारीक म्हणून गळती बारीक असेही नाही. ५ मिलिमीटरच्या गोल भोकातून २० मीटर दाबाला दिवसाला सुमारे २० हजार लिटर पाणी निघून जाते. दरडोई १३५ लिटरच्या हिशेबाने ही जवळपास दीडशे माणसांची गरज झाली. महसूल न देणाऱ्या पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आणावे, असे केंद्राच्या २००८ च्या सेवास्तर मानकांत म्हटले आहे. त्या टक्क्यांत चोरीचे आणि मीटरच्या चुकांचे पाणीही येते. हॅण्डहेल्डचा संबंध फक्त खऱ्या गळतीशी.

नागपूरची जमीन, नागपूरचे नळ

नागपूरला पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून मिळते. वितरणाचे काम महापालिकेने मार्च २०१२ पासून २५ वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे दिले. चोवीस तास पाण्याचा पहिला प्रयोग धरमपेठ झोनमध्ये झाला. शहराचे दहा झोन आहेत आणि त्यांत प्रत्येक जलकुंभाचा आपापला ‘कमांड एरिया’, म्हणजे तो ज्याला पाणी पुरवतो तो भाग, असतो. लॉगरचा ताफा लावताना हीच हद्द धरणे सोयीचे, कारण एका जलकुंभाखाली पाणी सोडण्याची वेळ बहुधा एकाच वेळापत्रकाने ठरते.

शहराच्या मोठ्या भागात काळी माती आहे. उन्हाळ्यात ती हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते. या ओढाताणीत नळाचे सांधे हलतात. शिवाय चिकणमातीतून पाणी सहसा वर येत नाही. ते नळाभोवती भरलेल्या मुरमातून आडवे वाट काढते आणि जवळच्या गटारात किंवा नाल्यात उतरते. रस्ता कोरडाच राहतो. ओल दिसेल तिथे खणण्याची जुनी रीत इथे फसते ती यामुळे. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत आणखी एक अडचण येते. मूळ बिडाच्या नळाला मध्येच प्लॅस्टिकचा तुकडा जोडलेला असतो, आणि ही दुरुस्ती नकाशावर क्वचितच दिसते.

चेंबरमध्ये

लॉगर बसवणे अंगमेहनतीचे आहे. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेल्याने चेंबरचे झाकण बुडालेले असते. ते सापडले तर गंजून चिकटलेले असते, आणि उघडले तर आत गाळ. व्हॉल्व्हचा माथा तारेच्या ब्रशने घासून चकाकेपर्यंत साफ करावा, मगच चुंबक टेकवावा. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तरी कंपन मरते. चावी लावण्याची टोपी ढिली असेल तर लॉगर तिच्यावर न ठेवता थेट व्हॉल्व्हच्या अंगावर ठेवावा. पितळेच्या फेरूलला, म्हणजे घराचा नळ वाहिनीला जिथे जोडतात त्या तोटीला, चुंबक चिकटत नाही, हे नव्या माणसाच्या पहिल्याच दिवशी लक्षात येते.

झाकण लोखंडी असेल तर रेडिओची लहर आतच अडकते, आणि चेंबर पाण्याने भरला तर ती जवळपास संपतेच. अशा ठिकाणी अँटेना तारेने वर, झाकणाच्या कडेपर्यंत आणतात. भारतात या उपकरणांना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे. परदेशातून संच मागवताना तो याच पट्ट्यात बोलतो ना, हे आधी पाहावे लागते.

वेळा लावणे

हॅण्डहेल्ड सुरू केला की तो आसपासच्या लॉगरना हाक मारतो. काही बनावटींत लॉगरला चुंबक लावून किंवा त्याचे टोपण (बूट) काढून जागे करावे लागते. पडद्यावर क्रमांक दिसतो. त्या क्रमांकाला जागेचे नाव द्यायचे आणि जीपीएस असेल तर ठिकाण पक्के करायचे. नाव देताना व्हॉल्व्हचा नकाशावरचा नंबर द्यावा. ‘पानठेल्यासमोर’ असे लिहिलेली नोंद पानठेला हलेपर्यंतच उपयोगाची. एक कागदी यादीही ठेवावी, कारण दोन लॉगरची अदलाबदल झाली तर ते पुढच्या कोणत्याच आलेखात उघडे पडत नाही.

मग तीन वेळा लावायच्या. पहिली ऐकण्याची. कारखान्यातून लॉगर येतो तो बहुतेक वेळा पहाटे २ ते ४ वर लावलेला. ज्या शहरांत नळात अखंड पाणी असते, तिथे या वेळी माणसे झोपलेली, वापर तळाला आणि दाब चढलेला असतो, म्हणून ही वेळ. धरमपेठेत ती चालेल. पण जिथे पाणी पहाटे पाचला सोडतात, तिथे दोन वाजता नळ रिकामा असतो. लॉगर प्रामाणिकपणे शांतता नोंदवतो, हॅण्डहेल्ड हिरवी खूण दाखवतो आणि वाहिनी ठणठणीत असल्याचा अहवाल तयार होतो. या यंत्राची सर्वांत महागडी चूक हीच. तिच्यावर उपाय यंत्रात नाही, व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याकडे आहे. ‘भाऊ, इकडले नळ किती वाजता येते?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय वेळ लावू नये. पाणी सोडल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे नळातली हवा फुसफुसते, ती गाळावी. त्यानंतर लोक भांडी भरत असतात, तेव्हाची नोंद वापराच्या आवाजाने बुजलेली असते. मधला जो शांत तुकडा मिळेल तो घ्यावा. तो मिळतच नसेल तर महापालिकेशी बोलून एखाद्या रात्री मुद्दाम दाब ठेवून घेणे हाच मार्ग.

दुसरी वेळ बोलण्याची. बॅटरी वाचावी म्हणून लॉगर दिवसातले ठरावीक तासच रेडिओ चालू ठेवतो, साधारणपणे कचेरीच्या वेळेत. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा नोंदी गोळा करणारी माणसे सहाला निघून नऊच्या आत परतू पाहतात. लॉगर आठला जागा होणार असेल तर गाडी सगळ्या चेंबरवरून रिकाम्या हाताने जाते, आणि ‘संपर्क नाही’ असा शेरा पाहून चांगले लॉगर नादुरुस्त ठरवले जातात. उन्हाळ्यापुरती ही वेळ अलीकडे ओढावी.

तिसरे म्हणजे खुद्द घड्याळ. हॅण्डहेल्ड वेळ जीपीएसवरून घेत असेल आणि त्यात भारतीय वेळ निवडली नसेल, तर लॉगर जागतिक वेळेवर चालतो. त्याचे पहाटेचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात, शहरभर नळ, मोटारी आणि भांडी वाजण्याची वेळ. अशा संचात प्रत्येक व्हॉल्व्हवर ‘गळती’ दिसते. सगळेच लाल दिसू लागले की खणणाऱ्यांना बोलावण्याआधी घड्याळ पाहावे.

पडद्यावरचे आकडे

लॉगर सेकंदाला एक नमुना घेत असेल तर दोन तासांत ७२०० नमुने जमतात. हॅण्डहेल्ड त्यातून दोन गोष्टी काढतो: सर्वाधिक वेळा आढळलेली आवाजाची पातळी आणि नमुन्यांचा फैलाव. माणसांचा वापर चढतो-उतरतो, त्याचा आलेख पसरट येतो. गळती रात्रभर एकाच पातळीवर असते, तिचा आलेख उंच आणि अरुंद. पातळी वरची, फैलाव कमी असे जुळले की यंत्र लाल खूण देते. दोन बनावटींच्या पातळ्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत, प्रत्येकीची पट्टी वेगळी असते.

लाल खूण हा संशय असतो, निकाल नव्हे. अखंड, एकाच पातळीचे आवाज गळतीशिवायही होतात. रोहित्राची १०० हर्ट्झची गुणगुण असते, दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हची फुसफुस असते, अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह असतो. नागपुरात यात दोन भर पडतात. एक टुल्लू पंप, नळाला थेट जोडलेला, जो थरथर वाहिनीत सोडतो आणि वर दाबही खेचतो. दुसरा कूलर. उन्हाळ्यात रात्रभर कूलर चालतात, टाक्या उतरत राहतात, आणि टाकीचा बॉल कॉक किंचित उघडा राहून तासन् तास सी-सी करत पाणी घेतो. लॉगरच्या कानाला ही सी-सी आणि गळतीची सी-सी सारखीच. म्हणून ज्या हॅण्डहेल्डवर लॉगरने टिपलेला आवाज हेडफोनने ऐकता येतो तो घ्यावा, आणि ऐकण्याचा कंटाळा करू नये. पंपाला ठेका असतो, रोहित्राला सूर असतो, गळतीला दोन्ही नसतात. तिचा आवाज तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, पण न थांबणारा. शंका राहिली तर त्या टप्प्यातल्या घरांचे नळ थोडा वेळ बंद करून पुन्हा ऐकतात. आवाज तसाच राहिला तर तो वाहिनीचा.

जागा ठरवणे

शेजारच्या दोन लॉगरनी एकच आवाज टिपला असेल, तर तो कोणाकडे आधी पोचला यावरून गळतीचे ठिकाण काढता येते. या पद्धतीची यंत्रे, म्हणजे कोरिलेटर, १९७० च्या दशकापासून आहेत. व्हॉल्व्हवर सोडून येण्याजोगे लॉगर १९९० च्या दशकात आले. हिशेब सोपा आहे. दोन लॉगरमधील अंतरातून वेग आणि वेळेचा फरक यांचा गुणाकार वजा करायचा आणि उरलेल्याचे निम्मे करायचे. अंतर १०० मीटर, वेग १२००, फरक २० मिलिसेकंद असेल, तर गुणाकार २४ मीटर, आणि गळती आवाज आधी ऐकलेल्या लॉगरपासून ३८ मीटरवर.

इथेही घड्याळच आडवे येते. दोन लॉगरच्या घड्याळांत १० मिलिसेकंदांचा फरक पडला तर ठिकाण ६ मीटर सरकते, म्हणजे भलत्याच घरासमोर खड्डा. यासाठी ताफा लावण्याआधी सगळे लॉगर हॅण्डहेल्डने एकाच बैठकीत जुळवून घेतात. जे संच रोज रात्री रेडिओने आपसांत जुळतात, त्यांना याची गरज नसते. अंतर नकाशावरून न घेता फीत किंवा चाक लावून, नळाच्या वळणांसह मोजावे. मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा असेल तर त्याची लांबी आणि वेग वेगळा भरावा लागतो. तुकडा आहे हेच ठाऊक नसेल तर उत्तर चुकते, आणि चुकले हे खणल्यावरच कळते. म्हणून शेवटचे दोन-तीन मीटर आजही माणूसच ठरवतो. रात्री वाहतूक थांबल्यावर ग्राउंड मायक्रोफोन रस्त्यावर टेकवत, किंवा लोखंडी काठीचे एक टोक व्हॉल्व्हवर आणि दुसरे कानाशी धरून.

दुरुस्ती झाली की लॉगर लगेच काढून नेण्याची घाई होते, पुढच्या वस्तीत त्याची वाट पाहत असतात. तो आणखी एक रात्र, त्याच वेळांवर, तिथेच ठेवावा. मोठा आवाज गेल्यावर आलेख खाली येतो, पण कधी कधी पुरता बसत नाही. खालच्या पातळीवर एक छोटे, अरुंद शिखर उरते. ती त्याच टप्प्यातली दुसरी गळती असते. पहिलीच्या गोंगाटात ती आधी दिसली नव्हती.