१६ इंचांची रेघ

अमेरिकेत एखाद्या रायफलची नळी १६ इंच असेल तर ती साधी रायफल. तीच नळी पाव इंचाने आखूड असेल तर ती सरकारदरबारी नोंदवावी लागते. न नोंदवता बाळगली तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या पाव इंचाने गोळीच्या वेगात पडणारा फरक इतका किरकोळ असतो, की एकाच खोक्यातल्या दोन काडतुसांमध्येही तेवढा सापडेल. मग ही रेघ आली कुठून?

१९३४ सालच्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्यातून. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांनी मशीनगन आणि नळी कापलेल्या शॉटगन (छर्ऱ्यांच्या बंदुका) घेऊन धुमाकूळ घातला होता. कायद्याच्या मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती, कारण खिशात लपतं ते हत्यार जास्त धोक्याचं, असा साधा विचार त्यामागे होता. पण पिस्तुलावर बंधन आलं तर लोक रायफल कापून पिस्तुलाएवढी करतील, म्हणून आखूड नळीचं कलम जोडलं गेलं. पुढे विरोधामुळे पिस्तुलं यादीतून वगळली आणि हे कलम तसंच राहिलं. शेत गेलं, कुंपण उरलं! हस्तांतरावर २०० डॉलरचा कर बसला. त्या काळी थॉम्सन मशीनगनची किंमतच जवळपास तेवढी होती. रायफलसाठीची मर्यादा आधी १८ इंच होती, ती १९६० मध्ये १६ वर आली. शॉटगनची १८ वरच राहिली. बंदुकीच्या दारूच्या ज्वलनाचे नियम त्या वर्षी बदललेले नव्हते.

हे ज्वलन समजून घेतलं की आखूड बंदुकांबद्दलच्या वादातला अर्धा धूर निवळतो. काडतुसातली दारू पेटली की तिचा तप्त, प्रचंड दाबाचा वायू होतो आणि गोळी नळीत आहे तोवर तो तिला ढकलत राहतो. नळी लांब तर ढकलण्याचा पल्ला लांब. रायफलच्या काडतुसात दारू जास्त आणि सावकाश जळणारी असते, त्यामुळे तिला लांब नळीचा खरा उपयोग होतो. ५.५६ मिलिमीटरची साधारण साडेतीन ग्रॅमची गोळी २० इंची नळीतून सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने सुटते. नळी साडेदहा इंच केली तर वेग ७८० च्या आसपास येतो. म्हणजे वेग एक पंचमांशाने कमी झाला. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती सुमारे १७५० जूलवरून १०८० जूलवर घसरते. न जळलेली दारू आणि उरलेला दाब नळीच्या तोंडाशी बाहेर पडतो, म्हणून आखूड रायफलचा भडका मोठा आणि आवाजही कानठळ्या बसवणारा.

तेव्हा ‘आखूड रायफल जास्त घातक’ हे सरसकट विधान चूक आहे. पण ‘आखूड म्हणजे निरुपद्रवी’ हेही खरं नाही. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा साधारण ५०० जूल भरते. आखूड रायफल त्याच्या दुप्पट ऊर्जा देते आणि पाठीवरच्या पिशवीत मावते. धोका या जोडीत आहे, आणि नळीचे इंच मोजून तो अर्धवटच कळतो. माझ्या मते एकूण लांबी आणि काडतुसाची ताकद हीच मापं जास्त प्रामाणिक ठरली असती. शॉटगनची गोष्ट तर आणखी वेगळी. तिची दारू झटपट जळते, त्यामुळे नळी कापल्याने वेग फारसा घटत नाही. छर्रे खोलीभर पसरतात ही समजूतही खोटी. खोलीच्या अंतरावर ते ओंजळीएवढ्या जागेतच लागतात. शॉटगन कापून मिळतं ते कोटाखाली लपवण्याचं सुख.

इंचांची रेघ असली की तिला वळसा घालणारेही असतात. कायद्याने पिस्तूल म्हणजे एका हाताने झाडायचं शस्त्र आणि रायफल म्हणजे खांद्याला लावून झाडायचं. २०१२ मध्ये अपंग माजी सैनिकांच्या सोयीसाठी, हाताला पट्ट्याने बांधायचा आधार बाजारात आला. तो लावलेलं आखूड नळीचं शस्त्र कागदोपत्री पिस्तूलच राहिलं. लोक मात्र तो आधार सर्रास खांद्याला टेकवू लागले. २०१९ चं डेटन आणि २०२१ चं बोल्डर या दोन्ही हत्याकांडांत अशीच शस्त्रं होती. शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय संस्थेने २०२३ मध्ये यातल्या बहुतेकांना आखूड रायफल ठरवणारा नियम काढला. २०२४ मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला.

याच कायद्यात येणाऱ्या सायलेन्सरबद्दल बंदुकांचे समर्थक आणि विरोधक, दोन्ही बाजू सोयीस्कर बोलतात. मशीनगनवाल्या मॅक्सिमच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो विकायला आणला. नळीतून सुटणारा वायू कप्प्याकप्प्यांतून फिरवायचा, त्याला पसरू आणि थंड होऊ द्यायचं, मग हळूहळू सोडायचा, एवढंच त्याचं काम. रायफलच्या बाराचा आवाज १६५ डेसिबलच्या घरात असतो, तो साधारण १३५ वर येतो. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची असल्याने ३० ची घट म्हणजे ध्वनीची तीव्रता हजार पटींनी कमी. तरीही १३५ हा आवाज मोठाच. शिवाय गोळी ध्वनीहून वेगाने, सेकंदाला ३४० मीटरच्या वर जात असेल तर हवेत तिचा स्वतःचा कडाका उठतो, तो कुठलंही नळकांडं थांबवू शकत नाही. पडद्यावरचं ‘फुस्स’ विसरा. फिनलंड-नॉर्वेत शिकारी तो कान वाचवायला सर्रास वापरतात.

मात्र .४५ पिस्तुलाची जड गोळी ध्वनीहून हळू जाते. तिचा कडाका नसतोच, त्यामुळे सायलेन्सर तिथे पुरता लागू पडतो. २०१९ मध्ये व्हर्जिनिया बीचच्या सरकारी इमारतीत १२ जणांना मारणाऱ्याकडे सायलेन्सर लावलेलं असंच पिस्तूल होतं. ‘फक्त कानांच्या आरोग्यासाठी’ म्हणणाऱ्यांनी हा तपशील गाळू नये. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात सायलेन्सर अग्निशस्त्राच्या व्याख्येतच येतो, आणि नळी आखूड करायलाही परवाना लागतो.)

सगळ्यात चमत्कारिक प्रकरण ‘बम्प स्टॉक’चं. १९३४ च्या कायद्यानुसार चाप एकदा चालवल्यावर आपोआप एकाहून जास्त गोळ्या सुटल्या तर ती मशीनगन. बम्प स्टॉक हा सरकता दस्ता. गोळी सुटल्याच्या धक्क्याने रायफल मागे सरकते, पुढचा हात तिला पुन्हा पुढे ढकलतो आणि स्थिर बोटावर चाप येऊन आदळतो. न्यूटनचा तिसरा नियमच कामाला लावलेला! १ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासमध्ये एका माणसाने काही मिनिटांत हजाराहून जास्त गोळ्या झाडल्या. ६० जण मेले. ट्रम्प सरकारने बम्प स्टॉकवर बंदी घातली, आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी उडवली. न्यायमूर्ती थॉमस यांनी निकालपत्रात चापाच्या आतल्या यंत्रणेच्या आकृत्या देऊन दाखवलं, की प्रत्येक गोळीसाठी चाप सुटतो आणि नव्याने दबतो. यांत्रिकदृष्ट्या हे बिनतोड आहे. पण १९३४ च्या लोकांना चापाच्या खटक्याची नव्हे, गोळ्यांच्या धारेची काळजी होती. मिनिटाला किती गोळ्या, हे मोजायला त्यांनी कायद्यात लिहिलंच नाही. संसद आजही ते लिहू शकते. न्यायमूर्ती अलिटो यांनी तसं म्हटलंही, पण ती दुरुस्ती झालेली नाही.

दरम्यान २०२५ च्या अर्थविषयक कायद्याने सायलेन्सर आणि आखूड बंदुकांवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. नोंदणी, बोटांचे ठसे, छायाचित्र हे सोपस्कार कायम आहेत. गंमत अशी, की १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९३४ चा कायदा उचलून धरला तो कर बसवण्याच्या अधिकाराच्या जोरावर. कर नाही तर नोंदणी कशाच्या आधारे, असा सवाल घेऊन बंदूकवाद्यांच्या संघटना आता न्यायालयात गेल्या आहेत.