किरमिजी, गुलाबी, जांभळा : जलरंगाच्या पेटीतल्या तांबड्या भावंडांची कुळकथा

पाऊस सरून ऊन तापायला लागलं की गोव्यात बोगनवेल फुलते, आणि जलरंगात काम करणारे सगळे एकाच अडचणीशी येऊन थांबतात. कुंपणावरचा तो रंग कागदावर आणायचा कसा? पेटीत लाल असतो, निळा असतो, पण दोन्ही मिसळले की वांग्याच्या सालीसारखा मळकट रंग तयार होतो. मग पणजीला किंवा म्हापशाला दुकान गाठायचं. समोर ट्यूबा मांडलेल्या: क्रिम्सन लेक, कार्माइन, अलिझारिन क्रिम्सन, परमनंट रोझ, क्विनाक्रिडोन मॅजेंटा, डायऑक्साझिन व्हायोलेट. कागदावर ओढून पाहिले तर यातले चार सख्खी भावंडं वाटतात. किमतीत मात्र मोठा फरक.

मी याच्या मागे लागले ते एका चित्रामुळे. फोंड्याजवळ माझ्या मावशीचं घर आहे. त्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या उघड्या ओसरीत, लावायला मी तिला बोगनवेलीचं चित्र दिलं होतं. दुकानदाराने हातात ठेवलेला स्वस्तातला किरमिजी वापरला होता. दोन पावसाळे गेले आणि मावशीचा फोन आला, "अगो, फुलं गेली बघ तुझी, नुसती पानं राहिली." जाऊन पाहिलं तर खरंच तसं. पानांचा हिरवा जागच्या जागी, कुंपणाचा चिरा (जांभा दगड) तसाच तांबडा, आणि फुलांच्या जागी फिकट राखाडी डाग. फ्रेम उघडली तेव्हा माउंटच्या कडेखाली झाकलेली बोटभर पट्टी अजून पहिल्यासारखी गुलाबी होती. मला ते पाहून फार वाईट वाटलं.

या रंगांची कुळी शोधायला लागलं की पहिला धागा आपल्याच मातीत सापडतो. 'किरमिजी' हा शब्द आणि इंग्रजांचा 'क्रिम्सन' एकाच घरातले. दोन्हींच्या मुळाशी किडा आहे, संस्कृतातला कृमी. झाडावर वाढणाऱ्या बारीक किड्यांपासून लाल काढायची विद्या जुनी. आपल्याकडे ती लाखेची. लाखेचा किडा फांदीवर राळेचं कवच करतो, ते पाण्यात भिजवलं की तांबडा रस निघतो. तोच लाक्षारस, तोच पायांना लावायचा अळिता. हा रंग पाण्यात विरघळतो, म्हणून तो चित्राच्या कामाचा नव्हे. त्यात तुरटी घालून वर खार टाकला की रंग बारीक पांढऱ्या साक्यावर चढून तळाशी बसतो. तो साका वाळवून डिंकात खलला की झाला चित्रकाराचा रंग. अशा प्रत्येक रंगाला युरोपात 'लेक' म्हणू लागले, आणि तो शब्द आपल्या लाखेवरूनच तिकडे गेला. क्रिम्सन लेकमधला लेक म्हणजे तळं नव्हे, लाख.

ही वाट गोव्यावरूनही गेली आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथेच राहिला. इथल्या औषधी आणि बाजारातल्या जिनसांवर त्याने संवादरूपात जो ग्रंथ लिहिला, तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात लाखेवरही एक संवाद आहे. लाख कुठून येते, ती झाडाची की किड्याची, हा त्या काळी परदेशी माणसाला खरोखर पडणारा प्रश्न होता. आज कुंकळ्ळीचे चितारी लाकडी पाटावर आणि खेळण्यांवर लाखेचा रंग चढवतात, तेव्हा त्याच जिनसेचा दुसरा वारसा दिसतो.

त्याच सोळाव्या शतकात मेक्सिकोतल्या निवडुंगावरचा कोचिनील किडा स्पॅनिश जहाजांतून युरोपात पोचला. त्याचा रंग म्हणजे कार्माइन. लाखेपेक्षा भडक, जास्त रसाळ. बघताच जीव जडावा असा, आणि उन्हात तितकाच नाजूक.

किड्याचा, फळाचा, मुळाचा रंग इतका हळवा का, हे घरात करून पाहता येतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या पिकल्या भिरंडीची (कोकमाची) साल मी जाड कागदावर चोळली. आधी गर्द किरमिजी, वाळताना जांभळट. कडेला चुन्याच्या निवळीचा एक थेंब टाकला, तर डोळ्यांदेखत तो भाग निळसर-राखाडी झाला आणि थेंबाभोवती हिरवट कड उमटली. आंबट असेपर्यंत लाल आणि खार लागला की निळा, असा त्या रंगाचा स्वभावच आहे. तोच कागद अर्धा काळ्या पुठ्ठ्याने झाकून खिडकीत ठेवला. काही आठवड्यांनी उघडा भाग चहा सांडल्यासारखा दिसत होता. सोलकढीचा रंग ताटात कितीही सुंदर असला तरी चित्राला तो पुरत नाही.

वनस्पतींच्या लालांमध्ये त्यातल्या त्यात टिकाऊ म्हणजे मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळांचा. आपली मंजिष्ठ आणि युरोपातली मॅडर ही एकाच कुळातली दोन झाडं. मॅडरच्या मुळात दोन मुख्य रंजकं असतात, अलिझारिन आणि पर्प्युरिन. मंजिष्ठेत अलिझारिन थोडं, पर्प्युरिन जास्त, शिवाय मुंजिस्टिन नावाचं तिसरं रंजक, ज्याचं नावच मंजिष्ठेवरून पडलं. मॅडरपासून चांगला गुलाबी लेक करण्याची रीत इंग्लंडमध्ये जॉर्ज फील्ड यांनी बसवली. तीच पुढे १८३२ मध्ये सुरू झालेल्या विन्सर अँड न्यूटन कंपनीकडे गेली, आणि तो रोझ मॅडर चित्रकारांनी जपून वापरला.

१८२६ मध्ये फ्रान्समध्ये मॅडरच्या मुळातून अलिझारिन वेगळं काढलं गेलं. १८६८ मध्ये कार्ल ग्रेबे आणि कार्ल लिबरमन यांनी ते डांबरापासून मिळणाऱ्या अँथ्रासीनमधून प्रयोगशाळेत तयार केलं. वनस्पतीचा रंग हुबेहूब कारखान्यात बनवण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी जर्मनीतून आणि इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन यांच्याकडून पेटंटचे अर्ज एका दिवसाच्या अंतराने दाखल झाले. काही वर्षांतच मॅडरची शेती मोडली. फ्रान्स आणि हॉलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ते मूळ लावणाऱ्या कुटुंबांचा धंदा बसला. आपल्या पेटीतला अलिझारिन क्रिम्सन तो हा, कारखान्यातला. ट्यूबच्या पोटावर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो, याचा पीआर ८३ (पीआर म्हणजे लाल रंगद्रव्य, पीव्ही म्हणजे जांभळं, पीओ म्हणजे केशरी).

रंग दिसतो फार खानदानी. दाट लावला तर गर्द रक्तासारखा, पातळ केला तर थंड गुलाबी. शंभर वर्षं त्याच्याशिवाय कुणाची पेटी पुरी होत नव्हती. पण पातळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाणी घालून पसरलेल्या थरात, त्याचा टिकाव लागत नाही, आणि जलरंग म्हणजे बहुतेक पातळ वॉशच.

ही शंका तेव्हाही होती. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम रसेल आणि विल्यम ॲबनी यांनी जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचा सरकारी अहवाल दिला. त्यांनी रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून उन्हात ठेवल्या. काही नळ्यांत दमट हवा, काहींत कोरडी, काहींतली हवाच काढून टाकलेली. सगळ्यात आधी उडणाऱ्यांत कार्माइन पहिला आणि क्रिम्सन लेक दुसरा निघाला. पण माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट पुढची. दमट हवेत रंग सर्वांत जास्त उडाले, आणि हवा काढलेल्या नळ्यांतले बहुतेक रंग उन्हात राहूनही तसेच राहिले. म्हणजे रंग एकट्या उन्हाने उडत नाही, ऊन आणि ओल मिळून तो उडवतात. गोव्यात चार महिन्यांत जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, आणि उरलेले महिने ऊन. या नळ्यांतली सर्वांत वाईट नळी म्हणजे आमचं बाल्कांव.

लाल उडाला की नुसता लाल जात नाही, जांभळाही जातो, हे कळायला व्हॅन गॉगची खोली पुरेशी आहे. आर्लमधल्या आपल्या शयनगृहाचं चित्र त्याने १८८८ मध्ये रंगवलं. भिंती फिक्या जांभळ्या असल्याचं त्याने स्वतः पत्रात लिहिलं आहे. आज चित्रात त्या भिंती निळ्या दिसतात. मिश्रणातला लाल लेक विरला, निळा मागे उरला. त्यामुळे जांभळा मिसळताना त्यातला लाल कोणता, हे आधी पाहायला हवं.

खात्रीचा थंड लाल मिळाला तो विसाव्या शतकात, आणि तो चित्रकारांसाठी केलेला नव्हता. क्विनाक्रिडोन नावाचं संयुग जर्मनीत १९३५ मध्ये तयार झालं होतं, पण त्याचा रंग म्हणून उपयोग कुणाच्या ध्यानात आला नाही. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने ते १९५८ मध्ये रंगद्रव्य म्हणून बाजारात आणलं. गिऱ्हाईक होतं मोटारीचं. वर्षानुवर्षं उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या गाडीला न उडणारा लाल हवा होता. चित्रकारांच्या ट्यूबा त्या मोठ्या धंद्याच्या कडेने भरल्या गेल्या, आणि आजही तसंच आहे. मोटारवाल्यांची मागणी संपली म्हणून क्विनाक्रिडोन गोल्डचं मूळ रंगद्रव्य, पीओ ४९, बनायचं बंद झालं. आता त्या नावाच्या ट्यूबेत मिश्रण असतं.

या घराण्यातली एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. पीव्ही १९ या एकाच क्रमांकाखाली दोन वेगळे रंग येतात. एक गुलाबी, जो परमनंट रोझ म्हणून मिळतो, आणि दुसरा गर्द जांभळट, क्विनाक्रिडोन व्हायोलेट. दोन्हींत रेणू तोच, तसूभर फरक नाही. फक्त स्फटिकात ते रेणू रचले जातात वेगळ्या तऱ्हेने. तीच माणसं, पंगत मांडायची रीत बदलली, आणि रंग बदलला. म्हणून नुसता क्रमांक वाचून ट्यूब मागवली तर हाती भलताच रंग येऊ शकतो. क्रमांक आणि नाव दोन्ही पाहावं लागतं.

त्याचा जवळचा भाऊ पीआर १२२, मॅजेंटा. परमनंट रोझपेक्षा निळसर, बोगनवेलीला अगदी जवळ. पिवळ्यात घातला की झळझळीत शेंदरी, निळ्यात घातला की स्वच्छ जांभळा. मात्र काही चाचण्यांत पातळ वॉशमध्ये तो पीव्ही १९ पेक्षा कमी टिकाऊ ठरला आहे. 'ऑपेरा' नावाने मिळणारा डोळे दिपवणारा गुलाबी म्हणजे याच मॅजेंटात चकाकणारं रंजक मिसळलेला. ती चकाकी लवकर जाते आणि खाली मॅजेंटा उरतो. पोस्टर करून स्कॅन करायचं असेल तर खुशाल वापरावा, भिंतीवर लावायच्या चित्रात नको.

अलिझारिनची गर्द छटाच हवी असेल तर पेरिलीन मरून, पीआर १७९, त्या जागी चालतो. थोडा मातकट आहे, पण सावलीतला चिरा, ओल्या मंगलोरी कौलाची खालची बाजू, या गोष्टी त्याने चांगल्या उतरतात. पायरोल लाल, पीआर २५४, ज्याला लोक फेरारीचा लाल म्हणतात, तो मात्र या पंगतीत बसत नाही. त्याच्या अंगात पिवळेपणा आहे. तो अल्ट्रामरीन निळ्यात घातला की पुन्हा तेच वांगं.

तयार जांभळ्यांबद्दल थोडक्यात. मँगनीज व्हायोलेट १८६८ चा, कोबाल्ट व्हायोलेट त्याच्या थोडा आधीचा. दोन्ही दाणेदार, कागदाच्या खळग्यांत रंग बसतो आणि संध्याकाळच्या मांडवीवरचं धुकं आपोआप होतं. कोबाल्टवाला महाग आणि ताकदीने कमी. डायऑक्साझिन, पीव्ही २३, याच्या उलट: सुईच्या टोकाएवढा घेतला तरी वाटीभर पाणी जांभळं करतो, कागदात मुरतो, पुसून निघत नाही. त्याचा टिकाऊपणा कंपनीगणिक बदलतो. म्हणून मी तो वेगळा घेत नाही. पीव्ही १९ आणि अल्ट्रामरीन मिळून हवा तो जांभळा देतात.

हे सगळं परदेशी रसायनांचं झालं. पण न उडणारा तांबडा आपल्याकडे पायाखालीच आहे. चिऱ्याचा तांबडा म्हणजे लोहाचा ऑक्साइड, हेमाटाइट. गोव्याच्या खाणींतून जहाजं भरभरून गेलं ते खनिज हेच. त्याच तांबड्या मातीची काव करून चुन्याच्या गिलाव्यावर थर द्यायचा आणि तो ओला असताना लोखंडी अणीने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, ही आपली कावी कला. काही जुन्या देवळांच्या भिंतींवर ती अजून दिसते. किती पावसाळे त्यावरून गेले असतील, आणि वेलबुट्टी तांबडीच आहे. रसेल-ॲबनींच्या टिकलेल्या रंगांतही इंडियन रेड आणि व्हेनिशियन रेड हे लोहाचेच रंग होते. शिवाय लोहाच्या लालातही जांभळा आहे. कण बारीक असले की रंग केशरीकडे झुकतो, मोठे असले की जांभळ्याकडे. पीआर १०१ हा एकच क्रमांक विटकरीपासून वांगी रंगापर्यंत पसरलेला असतो तो त्यामुळे.

गेल्या दसऱ्याला मी सहा पट्ट्या खिडकीत लावल्या, अर्ध्या झाकलेल्या. शिगम्याला काढल्या तेव्हा क्रिम्सन लेकची उघडी बाजू जवळजवळ कोरी होती, अलिझारिनची पातळ कड फिकट पडलेली, मॅजेंटात डोळे बारीक करून पाहिल्यावर कळेल एवढा फरक. पीव्ही १९, पेरिलीन आणि चिऱ्याच्या मातीत झाकलेला भाग कुठे संपतो ते ओळखता आलं नाही. मावशीचं चित्र नव्याने केलं: फुलांना पीव्ही १९ आणि थोडासा पीआर १२२, कुंपणाला तिच्याच परड्यातली चाळलेली माती डिंकात खलून. फ्रेमच्या मागे क्रमांक आणि तारीख लिहिली आहे. या खेपेला ते बाल्कांवात नाही, आतल्या खोलीत देवघराशेजारच्या भिंतीवर टांगलं आहे.