हात लवकर बसतो, नजर उशिरा

सुट्टी लागली की घरातलं सतरा-अठरा वर्षांचं पोर गाडीच्या किल्लीभोवती घुटमळायला लागतं. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी आचके देते, बंद पडते. आठवडाभरात आचके थांबतात आणि पंधरा दिवसांत सगळे म्हणतात, ‘चला, हात बसला!’

हात खरंच बसलेला असतो. सुरुवातीला क्लच, गिअर, स्टिअरिंग ही एकेक गोष्ट लक्ष देऊन करावी लागते. त्यातच कपाळामागच्या मेंदूची ताकद खर्च होते, म्हणून नवशिक्याला गिअर बदलताना साधा प्रश्न विचारला तरी तो गडबडतो. सरावाने या हालचाली एकमेकींत गुंफल्या जातात आणि त्यांचा बराचसा भार मेंदूत खोलवर असलेले बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू उचलतात. झोपेत ही शिकवण आणखी पक्की होते. त्यामुळे एकाच दिवशी चार तास चालवण्यापेक्षा रोज तासभर चालवलेलं बरं.

पण नजरेचं काय?

भाचीला शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. रस्ता मोकळा होता, तिचे गिअर अचूक पडत होते. पुढे कडेला एक ट्रक उभा होता. त्याच्या चाकांमधून मला पलीकडची दोन पावलं दिसली, रस्त्याच्या दिशेने निघालेली. मी ‘ब्रेक!’ म्हणालो, तिने लगेच दाबला, आणि ट्रकच्या पुढून एक बाई रस्त्यावर आल्या.

‘मामा, तुला कसं कळलं?’

तिचे डोळे माझ्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहेत. ट्रक तिलाही दिसला होता. पण तिचं सगळं लक्ष आपली गाडी त्याला घासत तर नाही ना, यावर होतं. ट्रकखाली बघायचं असतं, हे तिच्या मेंदूला अजून ठाऊकच नव्हतं.

मोरँट आणि रॉकवेल या संशोधकांनी 1972 मध्ये नवशिक्या आणि अनुभवी चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. नवशिक्यांची नजर गाडीच्या जवळच, अरुंद पट्ट्यात फिरत होती आणि आरशांकडे कमी जात होती. मुरलेला चालक मात्र पुढचं आधी बघतो. लँड आणि ली यांनी 1994 मध्ये दाखवलं, की वळण घेण्याच्या एक-दोन सेकंद आधीच चालकाचे डोळे वळणाच्या आतल्या कडेवर खिळतात. हात मागाहून वळतात.

या एका सेकंदाची किंमत मोजता येते. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद धरला, तर तेवढं अंतर ब्रेक लागण्याआधीच संपतं. पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर थांबायला आणखी 20 मीटर लागतात. वेग ताशी 30 असेल तर हेच आकडे साधारण 8 आणि 5 मीटर होतात. वेग निम्मा झाला की ब्रेकनंतरचं अंतर पाव होतं, कारण गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हे गणित मुलांना किल्ली देण्याआधी कागदावर करायला लावावं, असं मला मनापासून वाटतं.

त्यात मित्र गाडीत बसले की आणखी भर पडते. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या 2005 च्या प्रयोगात किशोरवयीनांनी संगणकावर गाडी चालवली. सोबत मित्र असताना त्यांनी एकट्याने खेळताना घेतले त्यापेक्षा कितीतरी जास्त धोके पत्करले. प्रौढांमध्ये असा फरक जवळपास दिसला नाही. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, त्यामुळे याला नुसता उद्धटपणा म्हणणं अन्यायाचं आहे. न्यूझीलंडने 1987 मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली. सुरुवातीच्या टप्प्यात रात्री एकट्याने चालवण्यावर आणि प्रवासी नेण्यावर बंधनं घातली. पुढे इतर अनेक ठिकाणी ती स्वीकारली गेली.

शेजारी मोठं माणूस असतं तोवर अपघात कमी होतात. ते उतरलं, की एकट्याने चालवण्याचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून परवाना आल्यावरही मी भाचीच्या शेजारी बसत राहिलो. आता काही शिकवत नव्हतो. जे दिसतं ते मोठ्याने बोलत चालव, एवढंच सांगितलं होतं. आधी ती ‘सिग्नल’, ‘सायकल’ एवढंच म्हणायची. महिन्याभराने एका उभ्या गाडीजवळ तिने आपणहून वेग कमी केला.

‘आत कुणीतरी बसलंय,’ ती म्हणाली, ‘दार उघडेल.’